बेअरिंगमागचा पत्रा

हे बघा, मी सगळं सांगते, पण मधेच कोणी 'शेवटी चालू झालं का ते सांग आधी' असं करायचं नाही. मला क्रमाने सांगू द्या. दोन आठवडे मी प्रत्येक नट कुठून निघाला ते वहीत लिहीत होते, आता माझं डोकंच तसं झालंय.

माझ्या वडिलांची, बापाकची, फिरती गिरणी तुम्ही पाहिलीये. जुन्या जीपचा सांगाडा, पुढे डिझेल इंजिन, मागे भात भरडायचं यंत्र. दारात जाऊन उभी राहायची, बायका पोतं आणायच्या, वरून भात टाकायचं, खालून तांदूळ घ्यायचा, कोंडा आमचा. वाडीतली चाळीसच्या चाळीस घरं आमची. इंजिन एका सिलिंडरचं, आडवं, हँडल मारून चालू करायचं. तर बापाकचा उजवा खांदा गेल्या पावसाळ्यात गेला. हँडल मारायला गेले, इंजिनने उलटा झटका दिला, तेव्हापासून हात डोक्याच्या वर जात नाही. त्यात पलीकडच्या वाडीतला बाग्यो, त्याने नवी गिरणी घेतली, बटण दाबलं की चालू होणारी, आणि तो दर आठवड्याला येऊन गोड बोलून विचारायचा, "पाक सारविदी, गाडी आणि यंत्र द्यायचं असेल तर मला सांगा हं, घाई नाही."

बापाक द्यायलाच निघाले होते. आणि मला पाठवणार होते माझ्या मावसबहिणीकडे, समुद्रापलीकडे बाताम बेटावर. कारखान्यात. दिवसभर उभं राहून इवल्याइवल्या तारांना डाग द्यायचे. मी म्हटलं, गिरणी मी चालवते. बापाक हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. ते हसले नाहीत. तंबाखू वळत बसले आणि म्हणाले, "इंजिन धूर ओकतंय, तेल पितंय, भार आला की ठोकतंय. तू शाळेत तेच शिकलीस ना पोरी, न्दुक? मग खोल. विवितानच्या दिवशी चाळीस घरांचं भात त्यावर भरडून निघालं तर गिरणी तुझी. नाहीतर मी बाग्योला हो म्हणतो."

विवितान, कापणी सुरू करायची पूजा, तुमच्याकडेही करतात, पण आमच्या वाडीत एक जास्तीचं आहे. कापणीला विळा लावायच्या आधी घरातलं जुनं भात संपवायचं. त्या दिवशी सकाळी प्रत्येक घर कणगीतलं उरलंसुरलं काढतं, भरडतं, आणि त्याच तांदळाचा नैवेद्य शेताच्या कोपऱ्यात भाताच्या देवी श्रीपुढे ठेवतं. आणि ज्या गिरणीवर ते जुनं भात भरडलं, त्याच गिरणीवर त्या घराचं पुढचं सगळं पीक. कुठे लिहिलेलं नाही. पण मधे गिरणी बदलली तर देवी घराची वाट चुकते म्हणतात. म्हणजे तो एक दिवस हातचा गेला की अख्खी सुगी गेली.

आणि विवितान होतं बारा दिवसांवर, गुरुवारी.

तर रविवारी मी इंजिन खोललं. पडवीत चटई अंथरली आणि तिचे सुतळीने तीन भाग केले. एक 'राहू दे', एक 'बदल', आणि एक 'माहीत नाही'. मला वाटलं होतं तिसरा भाग लहान पुरेल. संध्याकाळपर्यंत सगळं इंजिन तिसऱ्या भागात. माझी आई, इबू, कपडे वाळत घालायला आली आणि म्हणाली, "पहिले दोन भाग रिकामेच आहेत तर तिथे मिरच्या वाळवू का?"

पण खरंच कळत नाही हो. तंत्रशाळेत मास्तर म्हणायचे, झिजलं की बदला. घरी आलं की कळतं, झिजलेलं तर सगळंच असतं. इंजिन पंधरा वर्षं राबलंय, त्यात न झिजलेलं एक काढून दाखवा. प्रश्न असा की कुठली झीज चालते आणि कुठली नाही. आणि सगळं बदलायचं म्हणजे नवीनच इंजिन घ्यायचं, ते काही शक्य नव्हतं. दोन बकऱ्या विकून आलेले पैसे होते, बस.

मग मी सोमवारी शाळेत गेले, मास्तरांकडून मायक्रोमीटर मागून आणला आणि एकेक मोजायला बसले. पिस्टनवरच्या रिंगा तर मोजायचीही गरज नव्हती. रिंग लायनरमध्ये सरकवली तर तिच्या दोन टोकांत करवतीचं पातं उभं राहिलं, दोन पाती राहिली. बदल. लायनरला वरच्या बाजूला पायरी, नख अडकतं. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे. बदल, दोन्ही. व्हॉल्व, एक बरा, एकाला देवीचे व्रण असतात तसे खड्डे, पण घासून निघतील असे. गिअर चकचकीत, राहू दे. नोझल थेंब गाळतंय, बदल. असं करत करत तिसरा भाग रिकामा होत गेला आणि मला वाटायला लागलं, अरे, हे तर मला जमतंय.

आणि मग कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढलं.

बेअरिंगवरचा चंदेरी मुलामा गेलेला, खालचं तांबं उघडं पडलेलं. ते ठीक आहे, बेअरिंग झिजायलाच असतं. पण ते उचललं तर मागे एक पत्र्याची पट्टी. सोड्याच्या डब्यातून कापलेली. इतकी नीट कापलेली की कडा बोटाला लागत नाहीत, तेलाच्या भोकापाशी गोल खाच पाडलेली, आणि एका बाजूला अर्धं संत्रं छापलेलं. बेअरिंग ढिलं झालं की मागे पत्रा घालून घट्ट करतात, तो प्रकार. मग हे बेअरिंग ज्यावर बसतं तो क्रँक, इंजिनाचा मुख्य दांडा, मी मोजला. एका बाजूने मोजला, मग आडवा मोजला. सतरा शतांश मिलिमीटरचा फरक. गोल नव्हताच तो, अंड्यासारखा झालेला. शाळेच्या पुस्तकात लिहिलंय, पाच शतांशच्या पुढे गेला की घासून घ्या.

मी तीनदा मोजला. तिन्ही वेळा सतरा.

पत्रा कोणी घातला हे मला विचारायची गरज नव्हती. आमच्या इंजिनाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. आणि बापाकची ती जुनी गोष्ट सगळ्या वाडीला पाठ आहे, की ऐन सुगीत इंजिन ठोकायला लागलं, गावातला मिस्त्री म्हणाला आठ दिवस लागतील, आणि बापाकनी एका दुपारीत, दुकानातून काहीही न आणता, ते ठोकणं बंद केलं. दर वर्षी सांगतात. कसं केलं ते कधी सांगत नाहीत.

मी क्रँक तिसऱ्या भागात ठेवला आणि वर फडकं टाकलं.

मंगळवारी बापाकनी म्बाह जिमानना बोलावलं. म्हातारा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं होता, सत्तरी उलटलीये, पण अजून कुठलं इंजिन खोललं की त्यालाच बोलावतात. आले, चटईशी मांडी घालून बसले, बापाक शेजारी. इबूने गोड चहा आणि तळलेलं टेंपे ठेवलं. मी समोर, वही घेऊन.

म्हाताऱ्याने रिंग बोटात फिरवली. "या आता तुझ्या इबूला बांगड्या म्हणून दे."

"पाच नग आहेत म्बाह, बारा झाले की घालीन," आतून इबू म्हणाली.

लायनरवरून नख फिरवलं. "हा पिस्टनसकट बदला. नव्या रिंगा जुन्या लायनरमध्ये घालून तेलाचे पैसे वाचत नाहीत." व्हॉल्व डोळ्याशी धरले. "घासून घे. घाई करायची नाही, घासताना गाणं म्हण, तीन गाणी झाली की थांब." गिअर उचललासुद्धा नाही, पायानेच बाजूला सारला. "याला काय धाड भरलीये."

मग फडकं उचललं.

क्रँक मांडीवर घेतला. नख फिरवलं, क्रँक वळवला, परत नख फिरवलं. बेअरिंग उलटं केलं. पत्रा पाहिला. बघतच राहिले. मी बापाककडे बघितलं, बापाक अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते. मग म्हाताऱ्याने पत्रा होता तसा बेअरिंगमागे ठेवला, अगदी हलक्या हाताने, आणि म्हणाले, "सारविदी, हा क्रँक फार राबला हो."

"हो ना, म्बाह."

"लोखंड चांगलं आहे. चालेल." आणि चहाचा घोट घेऊन, "यंदा पावसाने बरी साथ दिली नाही?"

मी म्हटलं, "म्बाह, पण मोजला तर सतरा शतांश..."

बापाकनी नुसतं माझ्याकडे बघितलं. म्हातारा म्हणाला, "आकडे चांगलेच असतात, न्दुक. वहीत जपून ठेव."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "हो, म्बाह."

आता तुम्ही हसताय, पण तुम्हीही तेच म्हटलं असतं. आपल्यात वडीलधाऱ्याला कोण नाही म्हणतं? आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. चाळीस वर्षं ज्याने क्रँक हाताळले त्याचं नख म्हणतंय चालेल, तर माझ्या तीन वर्षांच्या शाळेचा मायक्रोमीटर कोण लागून गेला. मी क्रँक उचलला आणि 'राहू दे'मध्ये ठेवला. म्हातारा गेल्यावर लक्षात आलं की चहा अर्धा तसाच राहिलाय. म्बाह जिमान कधी चहा टाकत नाहीत. तेही लक्षात आलं, आणि मी कप विसळून ठेवला.

बुधवारी न्गावी शहरात गेले, चि लानच्या सुट्या भागांच्या दुकानात. चि लान मूळची सुराबायाची, तीस वर्षं इथे आहे पण तोंड तिकडचंच, फटकळ. यादी वाचत सामान काढत होती, बेअरिंगपाशी थांबली.

"स्टँडर्ड का अंडरसाइज, घासून बारीक झालेल्या क्रँकचं?"

"स्टँडर्ड."

"क्रँक मोजलास?"

"मोजला. सतरा शतांश."

तिने चष्मा काढला. "आणि स्टँडर्ड मागतेस?"

"म्बाह जिमान म्हणाले चालेल."

"कोणासमोर म्हणाले?"

"बापाकसमोर."

"हं," चि लान म्हणाली. "आमच्या गावात सडक्याला सडकं म्हणतात. तुमच्याकडे म्हणतात, जरा जास्त पिकलंय, पण वास छान आहे. घे बाई, स्टँडर्ड घे. अंडरसाइजचा एक जोड मी बाजूला काढून ठेवते, येशीलच तू."

मला इतका राग आला ना. बाईला काय माहीत आमच्या म्हाताऱ्यांचं, असं म्हणत मी पंधरा किलोमीटर मोटरसायकल हाकली.

गुरुवार, शुक्रवार जुळवाजुळव. पत्रा मी काढून ठेवला, नवीन बेअरिंग आहे, आता पत्र्याचं काय काम. व्हॉल्व घासताना तीन गाणी म्हटली, चौथं इबूने मला बंद करायला लावलं. शनिवारी सकाळी हँडल मारलं आणि दुसऱ्या फेऱ्याला चालू. दुसऱ्या. धूर नाही, आवाज असा गोल, टुक टुक टुक टुक. शेजारच्या दोघी भिंतीवरून डोकावल्या. बापाक आले, पाण्याच्या टाकीवर तळहात ठेवून उभे राहिले, बराच वेळ. जाताना म्हणाले, "टॅपेट जरा आवळ." म्हणजे मला वाटलं, झालं, गिरणी आपली.

रविवारी भार दिला. घरचंच एक पोतं. यंत्राचा पट्टा चढवला, भात सोडलं, इंजिन दबलं, आणि ठक. मग ठक ठक. मग ठक ठक ठक ठक, जुन्यापेक्षा मोठ्याने. मी बंद केलं तेव्हा पोतं अर्धंही झालं नव्हतं. बाजूचं झाकण काढून बेअरिंग बाहेर घेतलं. एका दिवसाचं बेअरिंग, आणि दोन ठिकाणी तांबं दिसायला लागलेलं. अंड्यावर गोल बांगडी चढवली तर काय होणार, दोन टोकांवरच घासणार. हे मला माहीत होतं. मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्क पण मिळाले होते.

मी सोमवारी दुपारी म्बाह जिमानकडे गेले. बेअरिंग रुमालात बांधून. म्हातारा पिंजऱ्यातल्या होल्याला दाणे घालत होता. मी रुमाल सोडून समोर ठेवला. त्यांनी बघितलं पण हात लावला नाही.

"म्बाह, तुम्ही चालेल म्हणालात."

"म्हणालो."

"नाही चालला."

"किती दिवस चालेल ते तू विचारलं नाहीस."

मला रडू येत होतं आणि राग पण, आणि म्हाताऱ्यासमोर दोन्ही करता येत नाही. मग तेच म्हणाले, होल्याकडे बघत, "तुझ्या बापासमोर मी काय सांगणार होतो? तुझ्याच पत्र्याने तुझा क्रँक खाल्ला, हे? त्याच्या पडवीत बसून, त्याचा चहा पिऊन?" दाण्यांची वाटी खाली ठेवली. "आणि पत्रा त्याला मी शिकवलाय. कारखान्यात आम्ही घालायचो. एका गळीत हंगामापुरता. हंगाम संपला की काढायचा, क्रँक घासायला पाठवायचा. मी त्याला घालायचं शिकवलं, काढायचं तो ऐकून गेला की नाही मला आठवत नाही. अकरा वर्षं ठेवेल हे मला काय माहीत."

"मग आता?"

"आता तू मोजलंयस की. मला काय विचारतेस?"

घरी आले तर बापाक पडवीत. समोर सोड्याचा रिकामा डबा, कात्री, आणि डाव्या हाताने पट्टी कापायचा प्रयत्न चाललेला. उजवा हात मांडीवर. मला बघून म्हणाले, "आलीस? धर जरा हे. जुनी पट्टी जाड होती, ही पातळ घालू. उद्या जुळव, परवा चालव, गुरुवारी बिनघोर. सुगीभर काही होत नाही. मी शिकवतो तुला, हे शाळेत नाही शिकवत."

आणि तुम्हाला सांगते, बापाकनी मला त्या इंजिनाबद्दल आजवर काही शिकवलं नव्हतं. एकदाही नाही. हे पहिल्यांदा. आणि ते बरोबरही होतं हो, पत्रा घातला असता तर गुरुवार निघाला असता. चाळीस घरं झाली असती. गिरणी माझी झाली असती. मग सुगी संपल्यावर मी गुपचूप क्रँक घासून आणला असता. मी कात्री धरलीसुद्धा. पट्टीचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. आणि मी मनात म्हणतेय, सुगीनंतर काढू, सुगीनंतर काढू, आणि मग ऐकू आलं मला ते, मी काय म्हणतेय ते. अकरा वर्षांपूर्वी बापाक हेच म्हणाले असतील ना.

मी म्हटलं, "नको, बापाक. पत्रा नको."

"मग?"

"क्रँक घासायला न्यायचा. जुन्या पट्टीने तो अंड्यासारखा झालाय. आता नवी घातली तर रॉड तुटून बाहेर येईल कधीतरी, समोर कोणीतरी पोतं घेऊन उभं असेल."

"गुरुवारपर्यंत मिळेल?"

"नाही मिळणार."

बापाकनी पट्टीचं टोक सोडलं. कात्री मिटून ठेवली, उठले आणि आंघोळीला गेले. विहिरीचा रहाट इतका वेळ वाजत होता की शेजारी विचारायला आले पाणी आटलं का.

इबू स्वयंपाकघराच्या दारात. "तुझ्या बापाला तोंडावर नाही म्हणणारी तू पहिली," ती म्हणाली. "मी सव्वीस वर्षांत म्हटलं नाही."

"मग तू काय करतेस, नाही म्हणायचं असलं की?"

"मीठ जास्त घालते."

रात्रीच मी इंजिन परत खोलून क्रँक काढून चटईवर ठेवला होता, आणि मंगळवारी सकाळी उठून बघते तर क्रँक नाही. मला वाटलं गेला बाग्योकडे, सगळंच गेलं. धावत बाहेर आले तर बापाक अंगणात, डोक्यावर हेल्मेट, मोटरसायकलला टेकून उभे. क्रँक जुन्या सारोंगमध्ये गुंडाळून काखेत. म्हणाले, "तू चालव. मी मागे बसून धरतो. एका हाताने दोन्ही होत नाही मला."

न्गावीच्या घासणाऱ्याने क्रँक दोन टोकांवर चढवून फिरवला, काटा बघितला आणि शीळ घातली. म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळी, सुगीची गर्दी आहे. बापाकनी एकदाही विचारलं नाही, बुधवारी नाही का जमणार म्हणून. मी विचारलं. दोनदा. येताना चि लानकडून अंडरसाइजचा जोड घेतला. तिने काउंटरखालून काढला, धूळ पण नव्हती बसलेली त्याच्यावर, आणि बापाक समोर होते म्हणून की काय, सुराबायाची असूनसुद्धा ती काही बोलली नाही.

आता बुधवार. विवितानच्या आदल्या दिवशी वाडीप्रमुखाच्या ओट्यावर बैठक असते, कोणाचं काय, कोणी काय आणायचं. पुरुष ओट्यावर, आम्ही बायका आत चहाचे ग्लास भरत. तुम्हाला आपल्या बैठका माहीत आहेत. आधी पाऊस, मग खताचा भाव, मग कोणाच्या तरी गुडघ्याची चौकशी, आणि मुद्दा निघतो तेव्हा निम्मे लोक चपला शोधत असतात. तर त्या दिवशी सगळे बसले, आणि पावसाचं निघायच्या आधीच बापाकचा आवाज आला.

"माझी गिरणी उद्या येणार नाही."

मी ग्लास भरत होते. चहा बशीत, बशीतून ट्रेमध्ये, मला कळलंच नाही.

"इंजिनात मी अकरा वर्षांपूर्वी पत्रा घातला होता," बापाक म्हणाले. "तो काढायचा राहिला. त्याने क्रँक झिजला. चूक माझी आहे. क्रँक घासायला दिलाय."

ओट्यावर बघायचं कुठे हेच कोणाला कळत नसणार. मग कोपऱ्यातून म्बाह जिमान खाकरले आणि म्हणाले, "पत्रा मी शिकवला होता त्याला."

वाडीप्रमुख बिचारे म्हणाले, "असू दे, असू दे. पण मग उद्याचं?"

"उद्या बाग्योला बोलवा. आजच निरोप द्या म्हणजे तो तयार राहील."

"आणि पुढचं पीक?"

"ते मी कसं सांगू? गिरणी आता माझ्या पोरीची, लुपीची आहे. रविवारी ती दारावर येईल. ज्याला द्यायचं त्याने तिला द्यावं, नाही दिलं तरी राग नाही."

माझ्या शेजारची यू वारसी मला कोपराने ढोसते आणि म्हणते, "पालुपी, तो ट्रे नेतेस का, का त्यात पोहायचंय?" मी ट्रे नेला. बापाकसमोर ग्लास ठेवला. त्यांनी वर बघितलं नाही, मी पण नाही.

गुरुवारी उजाडता उजाडता बाग्यो आला. बटण दाबलं, चालू. मी घरातच बसले, म्हटलं ऐकायलाही नको, पण ऐकू येतंच. आणि मग त्याच्या इंजिनाच्या मधे मधे दुसरा एक आवाज. धप. धप. आमच्याच मागच्या अंगणातून. गेले तर इबूने लाकडी उखळ बाहेर काढलंय, वर्षानुवर्षं त्यावर कोंबड्या बसायच्या ते, धुऊन पुसून, आणि जुनं भात मुसळाने कांडतेय.

मी म्हटलं, "इबू, अगं बाग्यो उभा आहे बाहेर."

"उभा राहू दे. हाताने कांडलं की घर कुठल्याच गिरणीशी बांधलं जात नाही. नंतर कुठेही भरडता येतं." आणि मुसळ माझ्या हातात दिलं. "घे, माझी कंबर गेली."

थोड्या वेळाने यू वारसीच्या अंगणातून धप. मग पलीकडून. मग खालच्या आळीतून. म्बाह जिमानच्या घरून पण, आणि त्यांच्या घरी तर कांडायला त्यांच्याशिवाय कोणी नाही. मी मोजत होते. नऊ. चाळीसमधली नऊ घरं. एकतीस बाग्योकडे गेली, आणि त्यांना मी काही म्हणत नाही, नैवेद्य वेळेवर ठेवायचा असतो, आणि उखळ आता असतं कोणाकडे.

शुक्रवारी क्रँक आला. मोजला. इकडून तिकडून, सगळीकडून एकच आकडा. शनिवारी जुळवलं, बापाक शेजारी बसून नट हातात देत होते, क्रमाने, मी मागायच्या आधी. बेअरिंग बसवताना मी थांबले, त्यांनी स्वतःच मागची बाजू पुसली, उजेडात धरून बघितली, आणि दिलं. रविवारी पहिल्या फेऱ्याला चालू झालं. मी नऊ दारांवर गेले. म्बाह जिमाननी एक पायली भात आणलं आणि चहा मागितला, पूर्ण प्यायले.

बातामला कळवून टाकलं, येत नाही म्हणून. बाग्यो परवा भेटला, म्हणाला, "नऊच घरं ना गं? कसं भागणार?" मी म्हटलं, दादा, घासलेल्या क्रँकला पहिले पन्नास तास अर्ध्याच भाराने चालवायचं असतं. एवढ्यात चाळीस घरं आली असती तर मलाच नाही म्हणावं लागलं असतं.